सौर पथदिव्याचा ड्रायव्हर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावातील 20 वॅटचे सौर पथदिवे उन्हाळ्यात पहाटेपर्यंत चालतात, आषाढात मात्र मध्यरात्रीच विझतात. मोठी बॅटरी घ्यावी का? (चिपळूण)

बॅटरीवर खर्च करण्यापूर्वी ड्रायव्हरकडे, म्हणजे एलईडीला मोजून प्रवाह देणाऱ्या सर्किटकडे, पाहावे. अशा दिव्यात 12.8 व्होल्ट, 30 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे असे धरले, तर तिच्यात 384 वॅट-तास ऊर्जा मावते आणि त्यातील 80 टक्के, म्हणजे सुमारे 307 वॅट-तास, निर्धास्तपणे वापरता येते. पावसाळ्यातील रात्र साधारण 11 तासांची असते; ड्रायव्हरची कार्यक्षमता 90 टक्के धरल्यास पूर्ण प्रकाशात एका रात्रीला 244 वॅट-तास लागतात, त्यामुळे ऊन न पडल्यास दुसऱ्या रात्री तीन तासांतच अंधार होतो. पहिले चार तास पूर्ण आणि पुढे 30 टक्के प्रकाश ठेवल्यास हीच गरज 136 वॅट-तासांवर येते. झडीच्या दिवसांत संपूर्ण रात्र 5 वॅटवर काढली, तर सुमारे 61 वॅट-तास पुरतात आणि भरलेली बॅटरी उन्हाशिवायही पाच रात्री टिकते. पाऊस कोसळत असताना गावाला उजेड पहाटेपर्यंत हवा असतो, म्हणून तो मंद असला तरी चालेल, पण विझता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.

मात्र प्रकाश कधी कमी करायचा हे केवळ बॅटरीच्या व्होल्टेजवरून ठरवू नये. या प्रकारच्या बॅटरीचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ स्थिर राहते, त्यामुळे 70 टक्के आणि 40 टक्के चार्ज यांतील फरक त्यावरून नीट कळत नाही. दिवसभरात बॅटरीत किती अँपिअर-तास गेले आणि रात्री किती खर्च झाले याचा हिशेब ड्रायव्हरमधील मायक्रोकंट्रोलरने (छोट्या नियंत्रक चिपने) ठेवावा, बॅटरी पूर्ण भरेल तेव्हा तो नव्याने सुरू करावा आणि त्या हिशेबावरून संध्याकाळीच रात्रीचा प्रकाश ठरवावा.

प्रश्न : पदविकेच्या प्रकल्पासाठी ड्रायव्हर करत आहे. बक निवडावा की बूस्ट? (पुणे)

हे एलईडींच्या मांडणीवर अवलंबून आहे. एका पांढऱ्या एलईडीला सुमारे 3 व्होल्ट लागतात. तीन एलईडींच्या माळेला 9 व्होल्ट पुरतात, म्हणून तिथे बॅटरीचे व्होल्टेज उतरवणारा बक चालतो. सहा किंवा अधिक एलईडींच्या माळेला व्होल्टेज वाढवणारा बूस्ट लागतो. चारांची माळ टाळावी, कारण तिचे 12 व्होल्ट बॅटरीच्या 10 ते 14.6 व्होल्टच्या पट्ट्यातच येतात आणि मग सेपिकसारखी, व्होल्टेज वाढवू आणि उतरवूही शकणारी, पण अधिक सुटे भाग लागणारी रचना करावी लागते. बूस्ट घेतल्यास माळ तुटली तर आउटपुट व्होल्टेज वाढतच जाते, त्यामुळे ओव्हरव्होल्टेज संरक्षण न विसरता द्यावे.

प्रश्न : डिमिंगसाठी (प्रकाश मंद करण्यासाठी) पीडब्ल्यूएम वापरावे की प्रवाहच कमी करावा? (नाशिक)

सौर दिव्यासाठी प्रवाह कमी करणे अधिक किफायतशीर ठरते. पीडब्ल्यूएममध्ये (पल्स विड्थ मॉड्युलेशन) एलईडी पूर्ण प्रवाहावर झपाट्याने चालू-बंद होत राहतो, म्हणून चालू असताना त्याची कार्यक्षमता पूर्ण प्रवाहावर असते तेवढीच राहते. प्रवाह घटवल्यास मात्र एलईडीचे व्होल्टेज थोडे उतरते, तो कमी तापतो आणि प्रत्येक वॅटमागे अधिक प्रकाश देतो. अडचण येते ती अगदी खालच्या पातळीवर. प्रवाह मोजण्यासाठी लावलेल्या सेन्स रेझिस्टरवर पूर्ण प्रवाहाला 100 मिलिव्होल्ट मिळत असतील, तर 10 टक्के प्रवाहाला 10 मिलिव्होल्टच मिळतात, आणि त्या मोजमापात ॲम्प्लिफायरची 2 मिलिव्होल्टची चूकही 20 टक्क्यांची ठरते. एकाच रस्त्यावरचे दिवे मग कमी-अधिक उजळ दिसतात. म्हणून 25 टक्क्यांपर्यंत प्रवाह कमी करावा आणि त्याखाली पीडब्ल्यूएमचा आधार घ्यावा. त्याची वारंवारता किमान काही शे हर्ट्झ तरी असावी, नाहीतर वाहनचालकांना दिव्याची लुकलुक जाणवते.

प्रश्न : संध्याकाळ ओळखण्यासाठी वेगळा सेन्सर हवा का? (सोलापूर)

नको, पॅनेलचेच व्होल्टेज पुरते. बॅटरीचा प्रवाह रात्री पॅनेलकडे उलटा वाहणार नाही याची व्यवस्था मात्र असावी, नाहीतर पॅनेलवर बॅटरीचेच व्होल्टेज दिसून अंधार पडल्याचे कळणार नाही. दिवा लागण्याचे आणि विझण्याचे व्होल्टेज वेगवेगळे ठेवून काही मिनिटांचा विलंब दिला, की गाडीच्या प्रकाशझोताने किंवा दाटून आलेल्या ढगाने दिव्याची उघडझाप होत नाही.