भट्टीतल्या थर्मोकपलवरची (तापमान मोजायच्या तारांवरची) 304 स्टेनलेस स्टीलची नळी सारखी जळते, इन्कोनेल 600 ची घेऊ का?
भाऊ, भट्टी विजेची असेल तर बिनधास्त घ्या. 304 साधारण 900 अंशांपुढे पापुद्रे सोडते. इन्कोनेल या मिश्रधातूत निकेल 72 टक्क्यांवर, क्रोमियम 14 ते 17 टक्के. क्रोमियमच्या ऑक्साइडची घट्ट साय धरते, म्हणून 1,000 अंशांतही ती तग धरते.

पण आपल्याकडे बहुतेक भट्ट्या दगडी कोळशावर, अन् गोम तिथंच आहे. धुरातलं गंधक निकेलला खातं, आणि निकेल-गंधकाचं मिश्रण 650 अंशांच्या आतच वितळतं. फाळ तापवायच्या आमच्या भट्टीत पोळ्याला बसवलेली महागडी नळी दिवाळीपर्यंत टिकली नाही. टोक भाजल्या वांग्यासारखं झालं होतं. कोळशावर 446 स्टेनलेस स्टीलची नळी घ्या, त्यात क्रोमियम भरपूर, निकेल जवळपास नाहीच.

इन्कोनेलच घेतली, तर वेल्डिंगआधी ग्रीस अन् खडूच्या खुणा नीट पुसा. त्यातही गंधक असू शकतं.