वाचकांचे प्रश्न : जागतिक बँकेत गरिबाचं कोण ऐकतं?

प्रश्न : जागतिक बँकेचे अध्यक्ष अजय बंगा यांचा जन्म आमच्या खडकीतला. मग तिथे भारताचं, निदान गरीब देशांचं वजन वाढलं असं म्हणायचं का? (एक वाचक, खडकी)

जन्म खडकीचा हे खरं, पण त्यांना त्या खुर्चीवर बसवलं अमेरिकेने. सुरुवातीपासूनची अलिखित वाटणी अशी, की बँकेचा अध्यक्ष अमेरिकेने सुचवायचा आणि तिच्या जोडीच्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा प्रमुख युरोपातला घ्यायचा. बंगा अमेरिकेचे नागरिक आहेत. 2023 मध्ये बायडेन यांनी त्यांचं नाव पुढे केलं.

दोन्ही संस्थांत वजन ठरतं मतांवर, आणि मतं ठरतात पैशावर. उदाहरणार्थ, नाणेनिधीत अमेरिकेकडे सुमारे 16.5 टक्के मतं आहेत, 140 कोटींच्या भारताकडे जेमतेम 2.6 टक्के. कोट्यात, म्हणजे ज्यावर मतं ठरतात त्या प्रत्येक देशाच्या वाट्यात, बदल करायचा तर 85 टक्के मतं लागतात. म्हणजे अमेरिकेने एकटीने मान हलवली नाही, तर ठराव तिथेच थांबतो. 2010 मध्ये ठरलेल्या कोट्याच्या सुधारणा अमेरिकी काँग्रेसमध्ये अडकून जानेवारी 2016 मध्ये लागू झाल्या, त्या याचमुळे.

याचा हिशेब 2021 मध्ये उघड दिसला. कोविडच्या संकटात नाणेनिधीने 650 अब्ज डॉलरचे एसडीआर, म्हणजे देशांच्या राखीव गंगाजळीत जमा होणारी रक्कम, वाटले. वाटप गरजेप्रमाणे नव्हे, कोट्याप्रमाणे झालं. एकट्या जर्मनीला सुमारे 36 अब्ज डॉलर मिळाले, आणि आफ्रिकेतल्या सगळ्या देशांना मिळून सुमारे 33 अब्ज. जर्मनीला त्या पैशाची गरज नव्हती. आमच्या मते हा अन्याय नियमातच बसवलेला आहे. प्रत्येक देशाला सारखी मिळणारी ‘मूलभूत मतं’ सुरुवातीला एकूण मतांच्या 11 टक्क्यांच्या वर होती, आज ती 5.5 टक्के आहेत. ती पूर्वीइतकी करा, ही मागणी साधी आहे आणि भारताने ती लावून धरायला हवी.

प्रश्न : रोजचे तीन डॉलर ही जागतिक बँकेची गरिबीरेषा. तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये. चौघांच्या घरात महिना तीस हजार. मग आमच्याकडचे निम्मे लोक गरीबच की! (एक वाचक, सासवड)

गुणाकार बरोबर आहे, दर चुकला. हा बँकेत बदलून मिळणारा डॉलर नाही. अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढा माल येतो तेवढा भारतात साधारण वीस रुपयांत येतो, असं धरून हा हिशेब होतो. म्हणजे 2021 च्या किमतींनी माणशी रोज साठ रुपयांच्या आसपास, चौघांचं महिन्याला सात-साडेसात हजार. त्यात घरच्या शेतातलं धान्यही धरलेलं असतं. ही रेषा जगातल्या सर्वांत गरीब देशांच्या रेषांवरून काढलेली आहे. भारताच्या, म्हणजे निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांच्या, गटासाठी बँकेचीच दुसरी रेषा 4.20 डॉलरची आहे. बातमीत आकडा आला की तो कोणत्या रेषेचा, हे आधी बघा.

प्रश्न : जागतिक बँकेच्या कर्जातून होणाऱ्या प्रकल्पात घर किंवा जमीन गेली आणि मोबदला नीट मिळाला नाही, तर सामान्य माणूस थेट बँकेकडे तक्रार करू शकतो का? (एक वाचक, हडपसर)

करू शकतो, आणि हा हक्क आपल्याकडच्या माणसांनीच मिळवून दिला आहे. सरदार सरोवरासाठी बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. नर्मदाकाठच्या लोकांनी लढून बँकेला स्वतंत्र चौकशी नेमायला लावली, 1992 चा तो अहवाल बँकेच्या विरोधात गेला आणि मार्च 1993 मध्ये उरलेलं कर्ज थांबलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने बाधितांच्या तक्रारी तपासणारं स्वतंत्र ‘इन्स्पेक्शन पॅनेल’ स्थापन केलं.

पहिलं काम, कर्ज नक्की कोणाचं ते शोधायचं. इथेच बहुतेकांची चूक होते. पुणे मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गांना कर्ज आहे ते युरोपीय गुंतवणूक बँकेचं आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेचं. मुळा-मुठा शुद्धीकरणाला जपानच्या जायका या मदत संस्थेचं. त्यांच्या तक्रारीच्या यंत्रणा वेगळ्या, पॅनेलकडे अर्ज केला तर तो दारातूनच परत येतो. कर्ज जागतिक बँकेचं असेल तर तिच्या संकेतस्थळावर प्रकल्पाला ‘पी’ आणि पुढे सहा अंक असा क्रमांक असतो. त्या पानावरून पुनर्वसन आराखडा उतरवून घ्या आणि त्यात तुमचं घर, दुकान, विहीर नोंदली आहे का ते तपासा.

मग बँकेच्या दिल्ली कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तरच पॅनेलकडे जाता येतं. तिथे किमान दोन बाधित माणसांच्या सह्या लागतात. पत्र मराठीत चालतं, ई-मेलनेही चालतं. प्रकल्पाचं नाव, गाव, नुकसान काय, बँकेला कधी कळवलं, एवढं पुरे. नाव गुप्त ठेवायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा. नव्या प्रकल्पांत कर्जाची मुदत संपल्यावर 15 महिन्यांपर्यंत तक्रार घेतात, त्यानंतर नाही. निविदेतल्या गैरव्यवहाराची तक्रार इथे चालत नाही. ‘तहसीलदाराने पैसे खाल्ले’ एवढंच लिहिलं तरी उपयोग नाही, कारण पॅनेल फक्त बँकेने स्वतःचे नियम पाळले का, हे तपासतं. वाक्य असं हवं : ‘आराखड्यात दुकानदारांच्या उत्पन्नाचा विचार नाही, बँकेने देखरेख केली नाही.’ तक्रार नोंदली गेली की बँकेच्या व्यवस्थापनाला 21 कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

याचा उपयोग झाल्याचं उदाहरण मुंबईचंच आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात दुकान कितीही मोठं असलं तरी बदली गाळा 225 चौरस फुटांचा, असा प्रकार होता. दुकानदार 2004 मध्ये पॅनेलकडे गेले, डिसेंबर 2005 च्या अहवालाने त्यांची बाजू बरीचशी मान्य केली, आणि 1 मार्च 2006 ला बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या भागाचे पैसे रोखले. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झाले. पॅनेल स्वतः भरपाई देऊ शकत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. पैसे रोखलेले असतात तेव्हाच सरकार बोलणी करतं. त्या काळात मागण्या लेखी आणि नेमक्या तयार हव्यात.

प्रश्न : पुण्यात बनलेली लस गरीब देशांना कधी वेळेवर मिळते, कधी नाही. असं का? (एक वाचक, मांजरी)

पैसे कोण आधी बांधतो, त्यावर ते ठरतं. आफ्रिकेतल्या ‘ए’ प्रकारच्या मेंदूज्वरावरच्या लसीत किंमत आधी ठरली. आफ्रिकी आरोग्य अधिकाऱ्यांनी अर्ध्या डॉलरच्या आतच परवडेल असं सांगितलं, आणि त्या किमतीत बनवायला सिरम इन्स्टिट्यूट पुढे आली. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झालं आणि आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या पट्ट्यातून हा प्रकार जवळपास नाहीसा झाला. 1996-97 च्या साथीत तिथे सुमारे 25 हजार माणसं गेली होती.

कोविडच्या वेळी उलट झालं. श्रीमंत देशांनी लस तयार होण्याआधीच करार करून साठे अडवले. गरीब देशांसाठीची ‘कोव्हॅक्स’ योजना मुख्यतः एकट्या सिरमवर विसंबली, आणि मार्च 2021 मध्ये भारतातली लाट वाढताच निर्यात थांबली. 2021 अखेर 200 कोटी मात्रांचं लक्ष्य होतं; शंभर कोटीवी मात्रा पोचायला जानेवारी 2022 उजाडला. आफ्रिकेतच कारखाने उभे राहिले आणि त्यांना खरेदीची हमी आधी मिळाली, तर पुढच्या साथीत तिथल्या लोकांना दुसऱ्या देशाच्या निर्यातबंदीकडे डोळे लावून बसावं लागणार नाही.