उलटे ३ आणि ६, मुठीतली पेन्सिल आणि ‘ब्रेन’चे वर्ग

आपल्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. साडेचार वर्षांचा मुलगा ३ आणि ६ यांची अदलाबदल करतो व पेन्सिल मुठीत धरतो. शाळा रोज दुरेघी वहीची दोन पाने लिहून आणायला सांगते. आणि घराजवळच्या एका वर्गात ‘उजवा हात डाव्या गुडघ्याला’ अशा व्यायामांनी मेंदूचे दोन भाग जोडले जाऊन वाचन-लेखन सुधारते असे सांगून वर्षाची फी मागत आहेत. बालवाडीत बरीच वर्षे काढल्यामुळे या तिन्हींबद्दल माझी मते ठाम आहेत. ती कारणांसह मांडते.

आकड्यांपासून सुरुवात करू. कपाचा कान उजवीकडे असो वा डावीकडे, कप तो कपच, हे मूल फार लवकर शिकते आणि त्याला जगात वावरायला ते उपयोगीच असते. अक्षर-अंकांच्या बाबतीत मात्र हाच नियम सोडून द्यावा लागतो, कारण ३ चे पोट उजवीकडे आणि ६ चे डावीकडे, एवढाच काय तो त्यांच्यातला मुख्य भेद. हे सोडून देणे सावकाश घडते. सहा-सात वर्षांपर्यंत अधूनमधून उलटे लिहिणे सर्वसामान्य मुलांमध्ये दिसते आणि एवढ्यावरून वाचनदोषाची शंका घेऊ नये. त्याला वस्तू उलट्या दिसतात, ही समजूतही चुकीची आहे.

पाहून ओळखणे आणि तेच हाताने काढणे यांत मुलांच्या बाबतीत काही वर्षांचे अंतर असते, ही गोष्ट पालक आणि, खेदाने म्हणावे लागते, अनेक शिक्षकही लक्षात घेत नाहीत. तीन वर्षांचे मूल चौकोन आणि त्रिकोण सहज वेगळे काढून ठेवते. त्याच मुलाला पाहून काढता येतो तो जेमतेम गोल. अधिकचे चिन्ह साधारण चौथ्या वर्षी, चौकोन पाचव्या वर्षाच्या आसपास, त्रिकोण त्यानंतर, आणि पतंगाच्या आकाराचा तिरका चौकोन सहा-सात वर्षांशिवाय बहुधा जमत नाही. तिरकी रेघ ही आडव्या-उभ्या रेघेपेक्षा हाताला खरोखरच अवघड असते. आता ‘क’ किंवा ‘झ’ डोळ्यांसमोर आणा आणि त्यात किती वळणे, किती तिरप्या रेघा आहेत ते पाहा. ही अक्षरे दोन रेघांच्या मधल्या जागेत बसवण्याची सक्ती साडेचार वर्षांच्या हाताला का झेपत नाही, हे निराळे सांगायला नको.

मुलगा लिहीत असताना त्याच्या अक्षरांकडे न पाहता एकदा त्याच्या अंगाकडे पाहावे. पेन्सिल मुठीत असेल तर रेघ बोटांतून न निघता खांद्यातून निघते. त्यामुळे कोपर टेबलावरून उचलले जाते, दुसरा हात वही धरायचा विसरतो, वही सरकते आणि मूल अंग वळवून तिच्या मागे जाते. शरीरावरचा ताबा धडाकडून खांदा, कोपर, मनगट आणि शेवटी बोटे अशा क्रमाने येतो. तीन बोटांत पेन्सिल धरून केवळ बोटे हलवत लिहिणे हे बहुतेक मुलांना साडेचार ते सहा या काळात साधते. आपला मुलगा या काळाच्या उंबरठ्यावरच आहे. पकड सुधारण्यासाठी त्याला लांब पेन्सिल देऊन बोटे पुन्हा पुन्हा बसवून देण्यापेक्षा खडूचा पेराएवढा तुकडा द्यावा. तो मुठीत मावतच नाही, त्यामुळे तीन बोटे आपोआप पुढे येतात. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला पाटी टांगून तिच्यावर काढू दिले तर मनगट योग्य त्या दिशेला वळते आणि खांद्यालाही काम मिळते.

आता त्या वर्गाविषयी. मूल स्वतः हालचाल करते तेव्हाच डोळ्यांनी पाहिलेले त्याच्या उपयोगी पडू लागते, याला भक्कम आधार आहे. १९६३ मध्ये हेल्ड आणि हाइन यांनी अंधारात वाढवलेल्या मांजराच्या पिल्लांच्या जोड्यांवर एक प्रयोग केला. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी गोल फिरे आणि दुसरे त्याच यंत्रणेच्या पाळण्यात बसून तेवढेच फिरवले जाई. दोघांच्या डोळ्यांसमोरून दृश्य सारखेच जात होते, तरी समोर किती खोल आहे ते ओळखून कड टाळणे आणि पृष्ठभाग जवळ येताच पंजा पुढे करणे हे चालणाऱ्या पिल्लाला आले, बसून फिरलेल्याला आले नाही. मात्र या विचारातून पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेत अरुंद फळीवर तोल सांभाळणे, रांगणे, ठरावीक आकार गिरवणे अशा व्यायामांनी वाचन सुधारण्याचे कार्यक्रम निघाले, तेव्हा निकाल निराळा लागला. कावाले आणि मॅटसन यांनी १९८३ मध्ये अशा कार्यक्रमांवरच्या १८० संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा शालेय प्रगतीवर या व्यायामांचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. फळीवर चालून मूल फळीवर चालायला शिकते. वाचनासाठी वाचनच लागते. मूल तिथे रमत असेल तर खेळ म्हणून जरूर पाठवावे, पण मेंदू जोडण्याच्या नावाने फी भरू नये. (मेंदूचे दोन भाग निसर्गाने आधीच जोडलेले आहेत.)

हाच न्याय मला माझ्या आवडत्या उपक्रमांनाही लावावा लागतो. कणकेच्या गोळ्या वळणे, मटार सोलणे, भेंडीचे ठसे, ठिपके जोडून रांगोळी, ओले फडके पिळणे यांनी बोटांत जोर येतो, दोन्ही हात वेगवेगळी कामे एकाच वेळी करायला शिकतात आणि मूल एका जागी टिकते. सागरगोट्यांच्या खेळात वर उडालेल्या गोट्यावर नजर ठेवून खालचे गोटे वेचावे लागतात आणि लंगडीत एका पायावर तोल सांभाळत दिशा बदलावी लागते. म्हणून हे खेळ मला मोलाचे वाटतात. तथापि, केवळ कणीक मळून अक्षर सुधारत नाही. हात तयार झाल्यावर प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव हवाच, फक्त तो थोडा, रोज आणि कोणीतरी शेजारी बसून करवून घेतलेला असावा. पाच-दहा मिनिटे पुरतात. दोन पाने एकट्याने भरताना मूल पहिल्याच ओळीतली चूक शेवटच्या ओळीपर्यंत घोटते आणि मग तीच हाताला बसते.

३ आणि ६ एकाच आठवड्यात शिकवू नयेत. आधी ३ घ्यावा, वरच्या डाव्या टोकाला ठिपका देऊन ‘इथून निघायचे’ हे पक्के करावे. खरखरीत कागदाचा अंक कापून त्यावर दोन बोटे फिरवून घ्यावीत, मग वाळूत, मग पाटीवर. स्पर्शाने अक्षर गिरवण्याची ही रीत शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम करताना महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया, खडे अशा सहज मिळणाऱ्या वस्तूंना दिली. तेव्हा ‘किट’ विकत आणण्याची काहीच गरज नाही. ३ बिनचूक निघू लागला की मगच ६ घ्यावा. आणखी एक गोष्ट: इंग्रजी संकेतस्थळांवरचे उलट्या अक्षरांचे सल्ले बी आणि डी अशा जोड्यांभोवती फिरतात. देवनागरीत मुले अडतात ती मुख्यतः घ-ध, भ-म, ब-व, थ-य यांच्यातल्या बारीक फरकांवर, म्हणून तिथे दिशेपेक्षा गाठ कुठे आहे आणि शिरोरेघ कुठे तुटते हे बोटाने दाखवावे.

शाळेशी बोलताना तक्रारीचा सूर टाळून, दोन पानांऐवजी दोन ओळी चालतील का, एवढेच विचारून पाहावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्याचा भर खेळ व कृती यांवर आहे. हा मुद्दा मुख्याध्यापकांसमोर सहसा चालतो.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट पाहत बसू नये. मूल डोके एका बाजूला कलवून किंवा एक डोळा मिटून पाहत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे लगेच जावे, कारण एक डोळा मंद असल्यास लहानपणी केलेले उपचार अधिक फलदायी होतात. पाच वर्षे उलटूनही मोठी बटणे लागत नसतील, जिन्यावर वयाच्या मानाने फार अडखळत असेल, येणारा चेंडू अंगाशीही धरता येत नसेल, किंवा पूर्वी येत असलेली एखादी गोष्ट येईनाशी झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (हाताच्या आणि रोजच्या कामांच्या हालचालींचे तज्ज्ञ) तपासणी करावी. हालचालींच्या समन्वयाची अशी अडचण शाळकरी वयातल्या ५ ते ६ टक्के मुलांत आढळते आणि तिचे निदान साधारणतः पाच वर्षांच्या आधी करत नाहीत. शेवटची अडचण, म्हणजे येत असलेले येईनासे होणे, ही या सगळ्यांत सर्वांत तातडीची समजावी.