शेवटच्या २५ मीटरना कंबर का बुडते?

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची आहे. पोहण्याच्या १०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत (दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे टाकायचा प्रकार) ७५ मीटरपर्यंत पुढे असते, मग कंबर खाली जाते. प्रशिक्षक तिला २०० मीटरमध्ये उतरवू म्हणतात. घाई होते आहे का?

उत्तर : दम कमी पडतोय असं वाटेल, पण आधी तिचा श्वास बघा. हात पाण्याबाहेर आल्यावर डोकं उचललं, तर उशीर झालेला असतो, कंबर बुडणारच. हनुवटी पाण्यालगत पुढे सरकावी आणि हात पाण्यात शिरण्याआधी चेहरा आत जावा.

एका स्ट्रोकला (हातांच्या एका फेऱ्याला) दोन किक (पायांचे फटके) : पहिली हात शिरताना, दुसरी हात मांड्यांजवळून सुटताना. थकल्यावर ही दुसरीच गळते. म्हणून २५ मीटरच्या १२ फेऱ्या, मध्ये २० सेकंद विश्रांती. दुसरी किक हरवली की त्या दिवशी बटरफ्लाय बंद, उरलेलं अंतर फ्रीस्टाइलने. हे कडकपणे पाळा; बिघडलेला स्ट्रोक अंगवळणी पडला की सहज सुटत नाही.

वयाची अडचण नाही. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायमध्ये १५व्या वर्षी पाचवा आला होता. मात्र प्रत्येक वळणाला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागायला हवेत. थकव्यात एक हात मागे राहिला की शर्यत बाद.