लाळ गाळणारं चितळ म्हणजे ‘झोंबी हरीण’ का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: सिंदेवाहीकडच्या तुमच्या वावरात लाळ गाळणारं, लंगडणारं चितळ दिसलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्हिडिओतला ‘झोंबी हरीण’ रोग तो हाच का, ढोरांना लागेल का, हरणांच्या जनुकांवर एवढं संशोधन कशासाठी चालतं, आणि बकरीसारखं हरीण पाळायला परवाना मिळतो का.

शेवटचं आधी उरकतो. नाही मिळत. न्यूझीलंडमध्ये 1969 पासून हरीणपालन कायदेशीर आहे, तिथले व्हिडिओ पाहून आपल्याकडच्या पोरांना वाटतं की इथंही जमेल. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. चितळाचं पाडस जरी घरी आणून बाटलीनं दूध पाजलं तरी गुन्हा.

आता रोग. मी पशुधन पर्यवेक्षक होतो, सगळी नोकरी चंद्रपूर जिल्ह्यातच गेली. व्हिडिओतला रोग खरा आहे, फक्त आपल्याकडचा नाही. 1967 साली अमेरिकेत कोलोरॅडोत संशोधनासाठी कोंडून ठेवलेली हरणं खाऊनपिऊन वाळत चालली, तेव्हा तो पहिल्यांदा लक्षात आला. हा मेंदूचा रोग आहे हे कळायला आणखी दहा-अकरा वर्षं गेली. त्याचं कारण ना जंतू ना विषाणू. शरीरातलंच एक प्रथिन चुकीच्या घडीत दुमडतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तसंच दुमडायला लावतं. त्याला प्रायॉन म्हणतात. शिजवून तो मरत नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतो. कॅनडातून विकत नेलेल्या एल्क हरणांबरोबर तो दक्षिण कोरियात पोचला, आणि 2016 मध्ये नॉर्वेच्या रानटी रेनडिअरमध्ये सापडला. भारतात आजवर त्याची नोंद नाही. माणसाला झाल्याचंही सिद्ध झालेलं नाही.

गोंधळ होतो तो लाळेमुळे, कारण लाळ दोन्हीकडे गळते. पण त्या रोगात हरीण महिनोनमहिने झिजतं, कान पडतात, मान खाली जाते, शेवटी चालही लटपटते, पण खुरांत जखमा नसतात. तुमचं चितळ लंगडत होतं. लाळ आणि लंगडणं एकत्र दिसलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं तोंडखुरी-पायखुरीचं, म्हणजे सरकारी भाषेत लाळ्या-खुरकूत. अर्थात तारेच्या फासानं किंवा कुत्र्यांनीही हरीण लंगडं होतं, म्हणून न पाहता छातीठोक सांगणार नाही.

एका फेब्रुवारीत असंच झालं होतं. गावातल्या निम्म्या ढोरांना तोंडखुरी, आणि धानाच्या बांध्यांत लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक, उभी. पहाटे बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर उभा होतो तर समोर एक चितळ मादी. पुढचा उजवा पाय उचलायची, काटा रुतल्यासारखा झटकायची, मग डावा. लाखोळीचा शेंडा ओठात धरायची आणि तसाच सोडून द्यायची. खालच्या ओठापासून लाळेची दोरी लोंबत होती, उन्हात चमकत होती. तिसऱ्या दिवशी ती बोडीच्या काठावर मेलेली सापडली. वनखात्याच्या पंचनाम्याला मी होतो. जिभेची कातडी सोललेली, खुरांच्या बेचक्यात जखमा. आदल्या आठवड्यात गावची ढोरं त्याच बोडीवर पाणी पीत होती. लसीच्या फेरीत अर्ध्या गावानं ढोरं आखरावर आणलीच नव्हती, कारण काय तर ‘सुई टोचली की दूध आटते’. दोन-चार दिवस थोडं कमी होतं, हे खरं. पण मीही दुसऱ्यांदा दारोदार गेलो नाही. ते अजून खटकतं.

म्हणून ‘हरणाचा रोग ढोरांना लागेल का’ हा प्रश्न मी उलटा करतो. लागू शकतो, पण आपल्याकडे बहुतेक वेळा वाट गोठ्यातून रानाकडे जाते. चितळाला धरून लस टोचता येत नाही, गाईला येते. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात ही लस दर सहा महिन्यांनी फुकट मिळते.

जनुकांचं संशोधन इथंच कामाला येतं. तोंडखुरी होते ती विषाणूमुळे, आणि त्याचे ओ, ए आणि एशिया-1 असे तीन प्रकार आपल्या देशात फिरतात. ढोराच्या आणि हरणाच्या नमुन्यातल्या विषाणूची जनुकं अक्षर न अक्षर ताडून पाहिली की दोघांचं नातं किती जवळचं ते कळतं. अमेरिकेत वेगळं चाललंय. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत चुकीचं दुमडणाऱ्या त्याच प्रथिनाच्या 96 व्या जागी एक घटक बदललेला असेल, तर प्रायॉनचा रोग कमी लागतो, सावकाश वाढतो. फार्मवाले तशीच हरणं निवडून पैदास करू पाहतात. मला ते पूर्ण पटत नाही. असं हरीण रोग घेऊन जास्त दिवस जगलं तर तेवढे दिवस मातीत प्रायॉन सांडत राहील, ही शंका तिथल्या शास्त्रज्ञांनाही आहे.

हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र संशोधन संस्थेत मांसाच्या तुकड्यातल्या जनुकांवरून प्राणी ओळखतात. मटण म्हणून विकलेलं चितळ त्यातून सुटत नाही, हे गावातल्या ‘शौकिनांना’ जरूर सांगा. आणि आपल्या रानातलं भेकर ठाऊक आहे ना, कुत्र्यासारखं भुंकणारं? त्याच्या मादीत गुणसूत्रं फक्त 6, नरात 7. सस्तन प्राण्यांत याहून कमी कुणाची सापडलेली नाहीत. चीनमधल्या त्याच्या चुलतभावाची 46, म्हणजे माणसाइतकी! जुनी गुणसूत्रं एकमेकांना जोडली जाऊन ही सहा उरली. हे वाचलं त्या दिवशी मी बायकोला दोनदा सांगितलं, तिनं दोनदा ‘बरं’ म्हटलं.

आता तुमचं काम. चितळाला हात लावू नका, पिसाळल्यावरही लाळ गळते. कुत्री बांधून ठेवा. वनखात्याला 1926 वर फोन करा, ढोरांसाठी 1962 वर. ढोरं आठ-दहा दिवस त्या पाणवठ्यावर नेऊ नका, गोठ्यातच पाणी पाजा. आणि पुन्हा दिसलं तर लांबूनच मोबाइलवर घ्या, पण नुसतं तोंड नको, चारही खुर दिसले पाहिजेत.