तिसरीच्या मुलांना मेक्सिकन लोकनृत्य शिकवायचंय, सहा आठवडे आहेत. कुठलं घेऊ आणि ड्रेस कुठून आणू?

ड्रेसचं नंतर बघा हो, आधी पाय. आमच्याकडे टेक्सासमध्ये मुलाच्या शाळेत नेमकं उलटं झालं होतं. कमिटीतल्या एका बाईंनी परस्पर हाराबे तापातियो ठरवला, घेरदार स्कर्ट न् सोम्ब्रेरो (रुंद काठाच्या टोप्या) ऑर्डरपण केले, आणि मग कळलं की तो जोडीचा, लाडीगोडीचा नाच, आणि आठ वर्षांची पोरं मुलींसमोर उभीच राहीनात.

शेवटी मी म्हटलं विएखितोस घेऊ. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातल्या पुरेपेचा आदिवासींचा, म्हाताऱ्यांचा नाच. कंबरेत वाकायचं, हातात काठी, हसरा मुखवटा, टोपीला रंगीत रिबिनी, आणि कण्हत-कुंथत आलेला म्हातारा मधेच असे काही पाय आपटतो की बघत राहावं. पोरांना सोंग शिकवावं लागतच नाही, एकजण तर म्हाताऱ्यासारखा खोकता खोकता खरंच ठसका लागून बसला.

अडलं ते पायात. उजवा-डावा-उजवा, मग डावा-उजवा-डावा, म्हणजे जोर दर वेळी पाय बदलतो. शिकवणाऱ्या बाई एक ते सहा मोजायच्या आणि अख्खा वर्ग चारवर गडबडायचा. मी लहानपणी तबला शिकलेय, मला तो सरळ दादरा, सहा मात्रांचा ताल वाटला. 'धा धी ना, धा ती ना' तोंडाने म्हणायला लावलं, आधी बसून मांडीवर, मग उभं राहून, आणि चौथ्या दिवशी दोघं-तिघं सोडून सगळ्यांचे पाय जुळले. तर बाई म्हणतात, मेक्सिकन नाचात इंडियन बोल कशाला? अहो, स्टेजवर कोण बोल म्हणणारे! एका मुलाची आजी मिचोआकानची, ती बघायला आली आणि बोलांवर काही बोलली नाही, फक्त म्हणाली गुडघे सैल ठेवा, उड्या नकोत.

कार्पेटवर प्रॅक्टिस नको, मूळ नाचात लाकडी तळाच्या चपला असतात, ठोका ऐकू आला तरच चूक कळते. कॅफेटेरियाची फरशी मागून घ्या.

हां, शाळेतल्या मेक्सिकन पालकांना आधीच विचारा, आम्ही फार उशिरा विचारलं. आणि 5 मे साठी करत असाल तर तो त्यांचा स्वातंत्र्यदिन नाही, 1862 ची पुएब्लाची लढाई आहे, मेक्सिकोनं फ्रेंचांना हरवलं ती, स्वातंत्र्यदिन 16 सप्टेंबर. आमच्या पोस्टरवर चुकलं होतं, आणि ते मी केलेलं नव्हतं.

ड्रेस म्हणाल तर पांढरा पायजमा-शर्ट, खांद्यावर ब्लँकेट, झाडूची दांडी. हाराबेच करायचा असेल तर सांगा, ते स्कर्ट अजून शाळेच्या कपाटात घडी न मोडता पडलेत.