आमचे पाळकसाहेब खचले आहेत, सेवा सोडण्याचे बोलतात. मंडळीने काय करावे?

त्यांचा हा विचार म्हणजे विश्वासाची उणीव, असे कृपया समजू नये. बार्ना ग्रुप या अमेरिकी संशोधन संस्थेच्या मार्च २०२२ मधील पाहणीत तेथील ४२ टक्के प्रॉटेस्टंट पाळकांनी मागील वर्षभरात पूर्णवेळ सेवा सोडण्याचा गांभीर्याने विचार केल्याचे सांगितले होते. बायबलमधील १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो आणि पुन्हा उठवून खायला सांगतो.

म्हणून आधी विश्रांती. सोमवार सुट्टीचा म्हणायचा आणि त्याच दिवशी इस्पितळातल्या भेटीला, दाखल्यावरच्या सहीला किंवा दोन घरांतले भांडण मिटवायला त्यांनाच बोलवायचे, हे कमिटीने ठरवून थांबवावे आणि भेटींची जबाबदारी वडीलजनांनी वाटून घ्यावी.

मन मोकळे करण्यासाठी त्यांना मंडळीबाहेरचा माणूस हवा, कारण बदली ज्यांच्या हाती असते त्यांच्यापुढे कोणीही शंका सहजासहजी बोलून दाखवत नाही. सेवा सोडली तर राहता बंगलाही सोडावा लागतो, ही धास्ती पाळकीणबाईंनाही असते. तेव्हा घर आणि पगार यांविषयी कमिटीने स्वतःहून स्पष्ट बोलावे.

झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर केवळ प्रार्थनेवर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.